सात पायऱ्यांचा संडास

गोजराबाईने जन्मात कधी मुकादमाला मान दिला नाही, पंचांगाला दिला नाही, आणि नवऱ्याला दिला तो फक्त चारचौघांत, तोही सणासुदीला. बाकी वेळी ती जे वाटेल ते बोलायची आणि जे बोलायची ते शेजारच्या चार खोपटांना ऐकू जायचं.

ती मूळची नगर जिल्ह्यातली, पारनेरकडची. नवरा बन्सी गवंडी आणि ती त्याच्या हाताखालची बिगारी. म्हणजे तो भिंतीवर बसून ‘माल आण’ म्हणणार आणि ही डोक्यावर घमेलं घेऊन फळ्यांची चढण चढणार. चौसष्ट साली तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं तशी दोघं बोचकी बांधून बोईसरला उतरली आणि जवळच्या सरावली गावात झावळ्यांचं खोपटं घालून राहिली. खारा वारा आणि वाळत्या बोंबलांचा वास. पारनेरच्या माणसाला इथे पहिले सहा महिने अन्न गोड लागत नाही म्हणतात. गोजरा तिसऱ्या दिवशी बोंबील भाजायला शिकली.

पासष्ट साली त्यांना एका दवाखान्यातलं काम मिळालं. दवाखाना पालघर रस्त्याला, सोळा खाटांचा, हरकोरबाई धर्मादाय दवाखाना. तिथल्या एका शेटजींनी आईच्या नावाने बांधलेला. आईच्या नावाने खाटा आल्या, औषधं आली, दारावर संगमरवरी पाटी आली. फक्त रोग्यांना परसाकडे लागते हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आलं तेव्हा शेटजींनी मागच्या अंगणात संडास बांधायचं ठरवलं.

अंगणातली जमीन पाणथळ. दोन हात खणलं की पाणी. त्यामुळे टाकी जमिनीच्या वर बांधायची आणि तिच्या डोक्यावर संडास, एक दार बायांचं, एक पुरुषांचं, असा बेत ठरला. नकाशात पायऱ्या होत्या सहा. बन्सीने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली.

“सहा म्हंजी बेकी,” तो म्हणाला. “पायऱ्या बेकी ठेवू नयेत. घर बुडतं.”

“अवं, संडास हाय त्यो,” गोजरा म्हणाली. “बुडंल न्हाई तर काय व्हईल?”

पण बन्सीच्या बापाने कधी सम पायऱ्या बांधल्या नव्हत्या आणि आजाने बांधल्या नव्हत्या. त्याने ओटा आणखी दोन विटांनी उचलला आणि सातवी पायरी पदरची घातली. त्या दोन विटांचा सगळा माल गोजराने डोक्यावर वाहिला. काम मात्र असं झालं की बघत राहावं. घोटून घोटून पायऱ्या अशा गुळगुळीत केल्या की माशी घसरावी. वरच्या पायरीवर ओल्या सिमेंटात बन्सीने खिळ्याने आपलं नाव कोरलं. तेवढीच दोन अक्षरं त्याला लिहिता येत होती, त्याने ती जिथेतिथे लिहिली असती.

उद्घाटनाला शेटजींनी पहिल्या पायरीवर नारळ फोडला. आता संडासापुढे फोडलेल्या नारळाचं खोबरं खावं की नाही, यावर मंडळींत कुजबूज सुरू झाली. डॉक्टर आकाशाकडे बघत राहिले, कंपाउंडरला खोकला आला. शेवटी गोजराने पुढे होऊन अख्खी वाटी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली. “देवाला चाललं, मला चालतंय,” ती म्हणाली.

हे सगळं सांगायचं कारण, दोन वर्षांनी, सदुसष्टच्या दिवाळीनंतर, बन्सी परांचीवरून पडला. परांची त्याने स्वतःच बांधली होती, त्यामुळे शिव्या द्यायलासुद्धा कुणी सापडेना. उजव्या पायाची नडगी मोडली. लोकांनी ट्रकमध्ये घालून आणला तो थेट हरकोरबाईच्या दवाखान्यात. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर चढलं, दोन कुबड्या खाटेला टेकवून ठेवल्या गेल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने.

पहिल्या दिवशी दुपारी बन्सीला लागली.

वॉर्डात भांडं होतं. एकच होतं, पांढऱ्या मुलाम्याचं, आणि त्याचा तळ गंजून गेला होता. नवशा नावाचा वॉर्डबॉय होता, त्याने ते भांडं माती घालून मागच्या खिडकीत ठेवलं होतं आणि त्यात मिरच्या लावल्या होत्या. मिरच्या छान धरल्या होत्या.

“दुसरं भांडं?” गोजराने विचारलं.

“मागवलाय. मुंबईशी येल.”

“कवा मागवलं?”

“गेल्या साली,” नवशा म्हणाला आणि मिरच्यांना पाणी घालायला निघून गेला.

मग बन्सी कुबड्यांवर निघाला. वीस पावलं अंगण ओलांडून आपल्या पायऱ्यांपाशी आला आणि उभा राहिला. प्लास्टरचा पाय वाकत नव्हता. कुबडी पहिल्या पायरीवर ठेवली की गुळगुळीत सिमेंटावरून ती सरकन बाजूला जायची. त्याने तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा गोजराने कुबड्या काढून घेतल्या, पदर खोचला, वाकली आणि म्हणाली, “बसा.”

दोन पोती सिमेंट उचलणारी बाई ती, बन्सी तिला काय जड. पण व्हरांड्यात सगळा पुरुष वॉर्ड येऊन बसला होता. करमणूक दुसरी काय होती दवाखान्यात! एका म्हाताऱ्याने मोठ्याने पायऱ्या मोजल्या. सातवीला टाळ्या पडल्या. उतरताना पुन्हा मोजल्या. बन्सीने डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी परत पाठवली. म्हणाला, सोमवार आहे, महादेवाचा उपास. मंगळवारी देवीचा उपास निघाला. बुधवारचा कुठला देव, हे त्याला बराच वेळ आठवेना, शेवटी पांडुरंगाच्या नावावर घातला. गोजराला आधी हसू आलं. ज्याच्या तीन पिढ्यांत कुणी एकादशी धरली नाही तो आता शनिवारपर्यंत पोचला. दिवसभरात कोर-दीड कोर भाकर, चहाचे दोन घोट, पाणी तर ओठाला लावल्यासारखं करायचा. तहान लागली की तोंड वळवून भिंतीकडे बघत बसायचा.

शनिवारी डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. तरुण माणूस होता, चांगला होता, पण शेटजींचं नाव निघालं की आवाज खाली यायचा.

“बाई, हा खात नाही, पीत नाही. लघवी बघितलीत? हळदीसारखी आहे. ताप यायला लागलाय. हाड काय हवेवर जुळतं का? असंच चाललं तर पाय वाकडा जुळेल किंवा जुळणारच नाही.”

“मग?”

“मग परांचीवर चढणं विसरा.”

गोजरा काही बोलली नाही. बोलली नाही हीच गोष्ट नवशाला इतकी नवलाची वाटली की त्याने मिरच्यांवरून मान वर केली. गवंड्याचा पाय गेला म्हणजे काय जातं, ते तिला कुणी सांगायला नको होतं. बन्सीला भिंतीवरून खाली उतरवला तर त्याच्यात उरणार काय? त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. नीट भांडतासुद्धा येत नव्हतं. ती घाबरली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घाबरली आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

बायांच्या वॉर्डात बायडी नावाची एक म्हातारी होती. मासवणकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. खुब्याला मार बसलेला. मुलांनी तिला बांबूला घोंगडी बांधून, डोलीतून इथवर आणलं, खाटेवर ठेवलं आणि भात कापायला परत गेले. तिला पाठीवर घ्यायला कुणी नव्हतं. आणि म्हातारी लाजून उपाशी राहणाऱ्यातली नव्हती. ती काठी टेकत, एक पाय ओढत पायऱ्यांपाशी जायची, पाठ फिरवून पहिल्या पायरीवर बसायची आणि हातांवर जोर देऊन बुड वरच्या पायरीवर घ्यायची. एक पायरी, एक दम, एक शिवी. शिवी त्या पायऱ्या बांधणाऱ्याला. सात पायऱ्यांना सात शिव्या, सगळ्या वेगळ्या आणि चढत्या क्रमाने. पहिलीला त्याचे हात झडायचे आणि सातवीपर्यंत त्याचा वंश बुडून पिंडाला कावळाही शिवेनासा व्हायचा.

“चांगला घर सोडून यांही माळ्यावर हागाय घातला,” ती वर बसून दम खात म्हणायची. “आमी रानात जातू ता काय वंगाळ हाय? रानाला पायऱ्या नाय.”

बन्सीच्या खिडकीतून हे सगळं ऐकू यायचं. त्याने पहिल्याच दिवशी गोजराला हळूच सांगितलं होतं, की पायऱ्या कुणी बांधल्या ते कुणाला बोलू नको. वॉर्डात वाचता येणारं कुणी नव्हतं, त्यामुळे वरच्या पायरीवरच्या नावाचा धोका नव्हता. गोजराने शब्द पाळला. फक्त म्हातारीबरोबर तीही पायऱ्यांखाली उभी राहून गवंड्याला शिव्या द्यायला लागली. पारनेरच्या शिव्या आणि डोंगरातल्या शिव्या, दोघींनी आपापला माल एकमेकींना दाखवला. बन्सी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायचा. त्याला उत्तर द्यायची सोय नव्हती आणि अशी संधी गोजराला पंचवीस वर्षांत आली नव्हती.

पण त्या शनिवारी तिला शिवी सुचली नाही. बायडी पाचव्या पायरीवर अडली. वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. गोजराने धावत जाऊन तिला काखेत धरलं तोवर उशीर झाला होता. लुगडं भिजलं होतं. शिव्यांची एवढी मोठी धनीण, तिने तोंड पदराने झाकून घेतलं. गोजराने तिला विहिरीवर नेऊन धुतलं, आपलं दुसरं लुगडं नेसवलं, खाटेवर निजवलं आणि तशीच बन्सीच्या खाटेपाशी आली.

“तितं चढण घालायची तर कशी घालायची?” तिने विचारलं.

“कुठं?”

“तुमच्या देवळाला.”

बन्सी उठून बसला. गवंडीपणाचा प्रश्न निघाला की त्याला ताप राहत नसे. “जमायचं न्हाई. समोर विहिरीचा कठडा आडवा. चौदा विटा उंची. उभी चढण व्हईल, कुबडी घसरंल. आन बांधणार कोण?”

गोजराने खाटेखालचं गाठोडं ओढलं आणि त्यातून थापी बाहेर काढली.

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे. बिगारी बाईने थापीला हात लावायचा नाही, असा गवंड्यांत दंडक. बाईने माल कालवावा, वाहावा, विटा भिजवाव्यात. थापी आणि ओळंबा पुरुषाच्या हातचा. बाईचा हात लागला तर भिंत फुगते म्हणतात. बन्सीने तोंड उघडलं.

“भिंत फुगंल,” तो म्हणाला.

“फुगू द्या. तुमचं पोट फुगन्यापरीस बरं.”

विहिरीचा कठडा आडवा होता हे खरं. पण गोजराने वीस वर्षं घमेलं वाहिलं होतं. उंच कामावर फळ्यांची चढण सरळ कुणी नेत नाही, अर्ध्यात वळवतात. आणि चढण किती उभी असावी, हे तिला फुटपट्टीने माहीत नव्हतं, पायाला माहीत होतं. धडधाकट बाईला एका विटेच्या उंचीला एक ढांग. पोटुशी असेल तर दीड. ती स्वतः तीन वेळा पोटुशी असताना चढली होती आणि तीनदा मुकादमाशी भांडून फळ्या लांब करून घेतल्या होत्या. चौदा विटांना दीडपटीने एकवीस ढांगा. दहा ढांगा विहिरीकडे, तिथे वळण, मग अकरा ढांगा माघारी. तिने अंगणात चालून पाहिलं. बरोबर बसत होतं. मधली वळणाची जागा दम खायला.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी शेटजींचं नाव घेतलं, मग परवानगीचं, मग नकाशाचं. गोजराने बायडीचं भिजलं लुगडं दोरीवर वाळत होतं तिकडे बोट केलं. डॉक्टरांनी मागच्या अंगणाकडे पाठ केली. “मी मागच्या अंगणात जात नाही,” ते म्हणाले. “तिथे काय चालतं मला माहीत नाही.”

विटा होत्या. पासष्ट साली उरलेल्या, गोजरानेच कुंपणाला रचून ठेवलेल्या, त्यांच्यावर वेल चढला होता. मुरूम बाहेर रस्त्याच्या कडेला ढिगाने पडला होता. त्यातला थोडा आत आला. सिमेंट कुणाच्या डब्यातून, कुणाच्या पिशवीतून ओंजळ ओंजळ आलं. कुठून आलं ते गोजराने विचारलं नाही. रोग्यांचे नातेवाईक दिवसभर बसून विड्याच ओढत होते, त्यांना तिने चोपणं दिलं आणि मुरूम ठोकायला लावलं. पायऱ्या मोजणाऱ्या म्हाताऱ्याला विटा भिजवायला बसवलं. त्याचा एक हात गळ्यात होता, पण दुसरा रिकामाच होता. नवशा तेवढा मिरच्यांपाशी उभा राहून सांगत होता, की हे असं चालत नाही.

पहिले दोन दिवस बन्सीने खिडकीकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानावर थापीचा आवाज चुकीचा पडला आणि त्याला राहवेना. “दर्ज भर! विटांमधली दर्ज भर आधी!” तो ओरडला. मग ते सुरूच झालं. सूत धर, कड मार, वीट उलटी लागली. गोजरा निम्मं ऐकायची. शेवटच्या दिवशी वरून सिमेंटाचा हात फिरवायचा होता, तेव्हा मात्र मोठं भांडण झालं.

“घोट चांगलं!” बन्सी खिडकीतून ओरडत होता. “आरशासारखं घोट!”

“आरशावर कोण चालतंय?” गोजराने ओरडून विचारलं, खराटा उचलला आणि ओल्या सिमेंटावरून आडवा ओढत गेली. फळ्यांवर बायांच्या पायाला अडण राहावी म्हणून आडव्या पट्ट्या मारतात, तशा आडव्या रेघा उमटल्या. बन्सीने कपाळावर हात मारला. एवढं कुरूप काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कडेने तिने बांबू रोवले, त्यांना आडवा बांबू बांधला आणि वरून पोती भिजवून टाकली.

आठव्या दिवशी सकाळी तिने पोती काढली. व्हरांड्यात पुन्हा सगळे जमले. बन्सीही कुबड्यांवर येऊन खांबाला टेकला होता. डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते. गोजरा त्याच्याकडे बघत होती, पण तो हलेना.

बायडी निघाली. एका हातात काठी, दुसरा बांबूवर. दहा ढांगा गेली, वळणावर उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, पुन्हा निघाली. वर पोचली. आत गेली, दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती गोंधळलेली दिसत होती.

“काय झालं, म्हातारे?” गोजराने खालून विचारलं.

“शिव्या राहिल्या ना,” बायडी म्हणाली. “साती राहिल्या तोंडात. आता कोनाला देवू?”

सगळे हसले. हसणं थांबल्यावर बन्सीचा आवाज आला.

“मला दे, आजी. पायऱ्या म्या बांधल्यात. सहाच व्हत्या, सातवी म्या वाढवली.”

बायडी वरून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने कंबरेवर हात ठेवला आणि सातही शिव्या दिल्या, सावकाश, एकेक करून, एकही न गाळता. बन्सीने मान खाली घालून सगळ्या घेतल्या.

“झाल्या,” ती म्हणाली. “आता ये. वाट हाय.”

बन्सी निघाला. गोजरा पुढे झाली तसा त्याने मानेनेच नको म्हटलं. कुबडी रेघांवर टेकली आणि टेकलेलीच राहिली. वळणावर थांबला, खरबरीत सिमेंटावरून कुबडीचं टोक दोनदा फिरवून पाहिलं. वर गेला. दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. कुणी मोजलं नाही, टाळ्या पडल्या नाहीत. म्हातारा विड्या शोधत होता. गोजरा विहिरीच्या कठड्याकडे तोंड करून उभी राहिली आणि रडली. तिला इतकं बरं वाटत होतं की रडण्याशिवाय दुसरं काही सुचेना.

बन्सी खाली वळणापर्यंत आला तेव्हा तिने डोळे पुसले होते.

“रेघा वाकड्या आल्यात,” तो म्हणाला.

“येऊ द्या.”

“वरच्या पायरीवरचं माझं नाव तेवढं खरवडून टाक.”

“कशापायी? ऱ्हाऊ द्या. शिव्या खायाला कोणतरी पायजे.”

तो वळणाच्या ओट्यावर टेकला. तांब्याभर पाणी मागितलं आणि सगळं प्यायला, हनुवटीवरून ओघळलं तरी थांबला नाही. मग म्हणाला, “गोजरे, भाकरी आण. चार आण.”

“चार?” गोजरा म्हणाली. “बेकी होत्यात. एक काढू का एक घालू?”

बन्सीने तिच्याकडे पाहिलं.

“घाल,” तो म्हणाला.